काचेचे रंग

ताई दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. आठवडाभर दुसऱ्यांच्या तोंडाचे दात घासूनपुसून बसवायचे आणि रविवारी धाकट्या भावाच्या रिमोटच्या गाडीची बॉडी करायची, असं तिचं आठ वर्षं चाललं होतं. भाऊ ड्रिफ्टच्या स्पर्धांत उतरायचा. हातभर लांबीची गाडी सरळ न पळवता आडवी घसरवत वळणं घ्यायची, असा तो खेळ. चालवण्यात भाऊ पटाईत, पण बॉडीतलं त्याला ओ की ठो कळत नसे. पारदर्शक प्लॅस्टिकचं कवच आणून तो ताईपुढे ठेवी आणि म्हणे, "तुझ्या हातात जादू आहे गं." त्या एका वाक्यावर ताईचा अख्खा आठवडा निघायचा.

हे कवच रंगवायचं ते आतून. म्हणजे सगळंच उलटं. जे वर दिसायला हवं ते आधी रंगवायचं, मागचा रंग शेवटी द्यायचा, आणि अक्षरं आरशात दिसतात तशी काढायची. चार बॉड्यांची वाट लावल्यावर ताईला ते जमलं होतं.

मग भावाचं लग्न झालं. भावजय निघाली दुकानांच्या काचांवर पाट्या रंगवणारी, आणि तीही आतल्या बाजूने. उलटी अक्षरं म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ.

एका रविवारी ताई टेबलावर कागद पसरून, ब्लेड आणि छोटी ड्रिल काढून बसली होती. भाऊ आला तो हात हलवत.

"या वेळची बॉडी ही करतेय," तो म्हणाला. "तुला तेवढाच आराम."

"बरं झालं बाई. मान धरलीच होती माझी," ताई म्हणाली. मान वगैरे काही धरली नव्हती. तो गेल्यावर तिने टेबलावरचा कागद इतक्या बारीक घड्या घालून ठेवला की पुन्हा उलगडताना तो फाटला.

चार दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत भावजय लॅबमध्ये आली. चाकांवरच्या कमानी कापायच्या कशा, हे तिला विचारायचं होतं. ताईने ड्रिल कशी धरायची ते नीट दाखवलं. निघता निघता भावजय म्हणाली, "आणि ताई, रंग? माझ्याकडे काचेचे आहेत. तेच चालतील ना, की प्लॅस्टिकला वेगळे लागतात?"

ताईच्या हातात कुणाची तरी खालची कवळी होती. प्लॅस्टिकला वेगळे रंग लागतात. बॉडी वाकली की तेही वाकतात. काचेचे रंग टणक, धक्का बसला की तडकणार. हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

"चालतात की," ती कवळीकडे बघत म्हणाली.

पुढचे दोन दिवस तिने तीनदा फोन हातात घेतला. सांगून टाकू, अजून वेळ गेलेली नाही, असं मनाशी ठरवलंही. तेवढ्यात भावाने अर्धवट रंगलेल्या बॉडीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'बघ, अशी बॉडी आजवर झाली नव्हती!' ताईने फोन उपडा ठेवला तो ठेवलाच.

स्पर्धा एका मोठ्या हॉलमध्ये होती. भावाच्या टेबलापाशी ही गर्दी! गडद निळ्यातून जांभळ्यात उतरत जाणारी बॉडी, आणि दारांवर जुन्या दुकानाच्या पाटीसारखी वळणदार सोनेरी अक्षरं: 'घसरगुंडी'. बघणारे आधी हसत आणि मग वाकून न्याहाळत. ताईलाही ती पाहताक्षणी आवडली, आणि तेच तिला सोसेना. सुंदर बॉडीचं बक्षीस सकाळीच जाहीर झालं. भावाने ढाल बायकोच्या हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हिच्या हातात जादू आहे."

ताईने टाळ्या वाजवल्या. तळहात झोंबेपर्यंत वाजवल्या.

दुपारच्या दुसऱ्या फेरीत मागच्या गाडीने ढुशी दिली आणि घसरगुंडी कडेच्या फळीवर आदळली. एरवी अशा धक्क्याने एखादा ओरखडा आला असता. पण भावाने गाडी उचलली तर आतून निळे-सोनेरी पापुद्रे भुरूभुरू खाली पडले. एका दारावर नुसतं 'गुंडी' उरलं. ताईला पहिल्यांदा जे वाटलं ते समाधानच होतं. मग तिने भावजयीचा चेहरा पाहिला.

"असं कसं झालं?" भाऊ म्हणाला. "रंगाचं ताईला विचारलं नव्हतंस?"

भावजय गुडघ्यांवर बसून पापुद्रे डबीच्या झाकणात गोळा करत होती. तिने मान वर करून ताईकडे पाहिलं. त्या नजरेत सगळं कळल्याचं दिसत होतं.

"राहून गेलं विचारायचं," ती म्हणाली.

म्हणजे इथेही तीच मोठी ठरणार! हा विचार ताईच्या मनात आला आणि तिला स्वतःचीच किळस वाटली.

"विचारलं होतं तिने," ताई म्हणाली. "मी खोटं सांगितलं."

"का?"

"मला करायची होती बॉडी. म्हणून."

भावाने गाडी टेबलावर ठेवली. तो सामान आवरायला लागला, तेव्हा भावजयच म्हणाली, "मोटर चालतेय ना? मग चालव." अर्धी नागडी गाडी घेऊन तो उतरला आणि पाचवा आला.

तीन आठवडे भावाचा फोन नाही. शेवटी ताई नवं कवच घेऊन त्यांच्या दारात गेली. कमानी कापलेल्या, कडा दातांसारख्या घासून गुळगुळीत केलेल्या, आणि सोबत प्लॅस्टिकच्या रंगांच्या आठ डब्या. दार भावजयीने उघडलं. तिने कवच उजेडात धरलं, कडेवरून बोट फिरवलं.

"मला असं कापता येणार नाही," ती म्हणाली. "कापायचं तुमच्याकडे राहू दे ताई. रंगाचं मात्र मी दुकानदारालाच विचारेन."

"विचार," ताई म्हणाली. तिला ते लागलं.

आता त्यांच्या बॉड्या अशाच होतात. स्पर्धेत लोक रंगाची तारीफ करतात. कापणी कुणाची हे कुणी विचारत नाही. ताई बाजूला उभी राहून ऐकते आणि तिला ते अजून सलतं. मग भावजय हाक मारते, "ताई, पुढचा बंपर चाकाला घासतोय, बघता का?" आणि ती ब्लेड घेऊन खाली बसते.