हरकत हवी

या विश्वात जोडीवाचून काहीच टिकत नाही. धनभाराला ऋणभार लागतो, प्रकाशाला अंधार, देहाला आत्मा आणि स्वर्गाला नरक. विज्ञान, तत्त्वज्ञान आणि धर्म निदान एवढ्या एका गोष्टीवरून भांडत नाहीत, हे आमच्या संशोधन संस्थेच्या संस्थापकांच्या लक्षात आलं आणि त्यांनी नियम करून टाकला: कुणीतरी विरोध केल्याशिवाय कोणताही ठराव मंजूर करायचा नाही. त्यामुळे पहिल्याच वर्षी स्वच्छतागृहात साबण ठेवण्याला दुपारभर विरोध झाला.

ठरावाच्या बाजूने पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक बोलत, विरुद्ध तत्त्वज्ञानाचे. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना अनुकूल सर आणि प्रतिकूल सर म्हणत. अनुकूल सर संस्थेत सगळ्याला हो म्हणत आणि घरी जाऊन सगळ्याला नाही. तिथेही नियम पाळला जातोय, असं त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणायच्या.

यंदा अनुकूल सरांनी मुदतीआधी निवृत्ती मागितली. दूर राहणाऱ्या लेकीला दिवस गेले होते, आणि बाळंतपणाला काकूंबरोबर जायला सर चक्क हो म्हणाले होते. त्यांनी ठराव मांडला. प्रतिकूल सर उठले.

"माझी काही हरकत नाही. आनंदच आहे."

"सर, हरकत हवी," संचालक म्हणाले. "नाहीतर ठराव पुढे ढकलावा लागतो."

"अहो, हा माणूस जावा असं मला कित्येक वर्षं वाटतंय. आता जाऊ नको कुठल्या तोंडाने म्हणू?"

ठराव पुढे ढकलला गेला. अनुकूल सरांनी त्यांना कॅन्टीनमध्ये गाठलं आणि चहा सांगितला.

"थोडा तरी विरोध करा हो. माझ्यासाठी."

"तुमच्यासाठी करायचा तर तो विरोध कसला?"

"तत्त्वज्ञान नंतर. तिकडे लेक वाट बघतेय."

"म्हणजे मी तुमची स्तुती करायची?"

"खोटी करा."

"खोटं मला जमत नाही. बघतो, खरं काही सापडतंय का."

सापडलं. पुढच्या सभेत प्रतिकूल सरांनी सांगितलं की आपण आजारी होतो तेव्हा विरोधाची बाजूही याच माणसाने मांडली होती, आणि इतकी प्रामाणिकपणे की स्वतःचाच ठराव पाडला होता. "हा गेला तर मी कुणाशी भांडू?" एवढं बोलून ते बसले.

"उत्तर द्या, सर," संचालक म्हणाले.

अनुकूल सर उठले, रुमाल काढला, चष्मा पुसला.

"मुद्दा बिनतोड आहे," म्हणाले आणि बसले.

ठराव एकमताने फेटाळला गेला. वर झालेल्या हातांत त्यांचाही हात होता. काकू एकट्याच गेल्या.

नात रांगायला लागली त्या महिन्यात दोन्ही सरांचं वय भरलं आणि दोघेही निवृत्त झाले. वय भरलं की ठराव लागत नाही.