मनकर्णेचा तास

खिडकीला वाळ्याच्या ताट्या चढवून, त्यांवर पाणी मारून झालं की लहानू लगेच पैसे मागत नसे. अंगणात सावली बघून उकिडवा बसे आणि वाऱ्याची वाट बघे. वारा आला, ओल्या मुळांतून गाळून खोलीत शिरला, आणि घरातलं कोणी आतून "आला" म्हणालं, की मगच तो हात पुढे करी. ही रीत त्याच्या बापाची. वारा चहा निवायच्या आत आला तरी तेवढेच पैसे, आणि दुपारभर रुसून बसला तरी तेवढेच.

बांबूची चौकट लहानू करायचा. तिच्यात वाळ्याची मुळं दाबून सुतळीने बांधायची ती मनकर्णा, त्याची बायको. महाल भागातल्या त्यांच्या खोलीच्या दारात बसून. मुळं केसासारखी बारीक आणि पात्यासारखी धारेची. उन्हाळ्याचे दोन महिने तिच्या बोटांना हळद लागलेली असे. बांधता बांधता ती गुणगुणे, कोणी शिकवलेलं नव्हे, आपसूक आलेलं:

वाळा सुकला सुकला, वास त्याचा जाईना वं
दुसऱ्याच्या खिडकीत मले कोणी पाहीना वं

एकाहत्तरच्या चैत्रात रामदासपेठेतल्या मधुकररावांनी लहानूला बोलावलं. सरकारी कचेरीत ते हिशेब बघायचे. माणूस सरळ, पण आकडा दिसला की त्याची घडी उलगडून बघितल्याशिवाय राहवत नसे. चार खिडक्या होत्या. सामान वेगळं धरून मजुरीचे तीस, असं लहानूने दरवर्षीचं सांगितलं.

"दोन तासांत लावून मोकळा होतोस तू," मधुकरराव म्हणाले. "दोन तासांचे तीस? इतका तर माझ्या साहेबालाही पगार नाही."

लहानू नुसता हसला.

"आपण असं करू. तासाचे तीन रुपये देतो. जितके तास, तितके. तुझंही नुकसान नको, माझंही नको."

तासाचे तीन! गवंड्याला दिवसाचे आठ मिळत होते. लहानूने मान डोलावली आणि सायकल अशी हाणली, की सीताबर्डीचा चढ कधी सरला ते त्याला कळलं नाही.

"आपून तासवाले झालो वं," दारातूनच तो म्हणाला.

मनकर्णेने सगळं ऐकून घेतलं. हातातली जुडी खाली ठेवली नाही.

"किती तास लागतात तुमाले तिथं?"

"दोन. लय झालं तं अडीच."

"मंग साडेसात रुपये आले."

लहानू सायकल भिंतीला टेकवत होता, ती तशीच हातात राहिली.

"आन् हे?" तिने समोरच्या ढिगाकडे हनुवटी केली. "हे मी बसून बांधून राहिली, थे कोणाच्या घड्याळात हाये?"

"थे तं घरचं काम हाये."

"घरचं," ती म्हणाली, आणि सुतळीची गाठ दाताने ओढली. मग पुढची जुडी ओढून घेतली. "कौसल्या मंडीत संत्री निवडाले जाते. दिवसाचे तीन रुपये, सांजच्याले हातावर. मी बी येईन म्हणून ठेवलं हाये तिले."

कौसल्या तिची जाऊ. हे ठरवणं लहानूला माहीत नव्हतं.

"मंग ताट्या कोण बांधीन?"

"तुमी बांधा. घरचंच तं काम हाये."

त्याला हसू आलं, पण घडीभरच. बांबू त्याला कळत होता. पण मुळं कुठे दाट आणि कुठे विरळ ठेवली म्हणजे वाराही येतो आणि पाणीही टिकतं, हे तिच्या बोटांनाच ठाऊक होतं. ती उठून गेली तर त्याच्या हाती रिकाम्या चौकटी उरणार होत्या.

"रविवारी साहेबाच्या घरीच बसून बांधू," मनकर्णा म्हणाली. "त्याच्या घड्याळासमोर. माह्ये तास मोजले तं मोजले. नाई तं सोमवारी मी मंडीत."

रविवारी सकाळी आठला दोघं रामदासपेठेत पोचले. मधुकररावांनी घड्याळ पाहिलं, मग मनकर्णेकडे पाहिलं. तिने वऱ्हांड्यात पोतं अंथरलं आणि मुळं भिजत घातली. थोड्या वेळात साऱ्या घराला त्या मुळांचा वास सुटला, पाऊस अजून लांब असताना जमिनीला आतून आठवावा तसा.

मधुकररावांच्या पत्नी शोभाताई चहा घेऊन आल्या, आणि तिथेच बसल्या.

"मला करून बघू द्या बरं, मनकर्णाबाई."

"पाहा. पण बोटं आपलीच ठेवजा, बाई, ताटीत बांधून देजा नका."

दोन गाठींतच शोभाताईंचा अंगठा चिरला. अंगठा तोंडात धरून त्या मनकर्णेचे हात बघत बसल्या. लहानू जुन्या चौकटी ठोकून सरळ करत होता. मधूनच त्याची नजर तिकडे जाई. घरी ती त्याच्याकडे पाठ करून बसायची, उजेड दारातून यायचा म्हणून. तिला काम करताना समोरून बघायची त्याला सवयच नव्हती.

दुपारची भाकरी कडुनिंबाखाली झाली, ती सोडून चार वाजेपर्यंत हात थांबले नाहीत. चारी ताट्या खिडक्यांना चढल्या. लहानूने बादलीने पाणी मारलं आणि तो अंगणात उकिडवा बसला.

झाडाचं पान हलत नव्हतं.

"आता आत येऊन बसा," शोभाताई मनकर्णेला म्हणाल्या. "उन्हात कशाला?"

मनकर्णा संकोचली. लहानूकडे बघितलं. मग पदराला हात पुसत आत गेली. इतक्या उन्हाळ्यांत तिच्या हातच्या ताट्या कुठल्या कुठल्या घरी गेल्या होत्या, पण त्यांच्या आतल्या बाजूला ती आज पहिल्यांदा बसत होती.

मधुकरराव कागद घेऊन पायरीवर आले. "बसण्याचे तास धरायचे का रे?"

"नाई साहेब. हवेचा वेळ आमचा."

"बरं. भाकरीचा तास गेला, उरले सात. तुझे झाले एकवीस." ते जरा थांबले. "बाई बसल्या होत्या, ते मी पाहिलंय. नाही म्हणणार नाही. पण बाईचा तास आपण अर्धा धरू, बाजारात तसंच चालतं. मिळून साडेएकतीस. तुझ्या तीसपेक्षा वरच झाले. तुला चालेल ना?"

लहानूच्या जिभेवर 'चालेल' येऊन बसलं होतं. दीड रुपया वरचाच होता. साहेब खोटं काही बोलत नव्हते. अर्धा तर अर्धा, तास तर मोजला ना. मनकर्णा एवढ्यावर कदाचित राहिलीही असती. पण मग तिच्या सात तासांतले साडेतीन कुठे गेले, असं तिने वाटेत विचारलं तर? मुळं काही बोटं अर्धी चिरत नाहीत. तो जमिनीवर काडीने रेघा ओढत राहिला.

"बोल ना."

तेवढ्यात कडुनिंबाचा शेंडा हलला. अंगणातली धूळ जागची उठली, भिंतीशी गोल फिरली आणि ताट्यांवर गेली. आतून आवाज आला.

"आला."

शोभाताईंचा नव्हता. मनकर्णेचा होता. हळू, स्वतःशीच बोलल्यासारखा. मागोमाग शोभाताई हसल्या, "माझा मान घेतलात हो तुम्ही."

पैसे हातावर पडायच्या जागी लहानूने तिचा आवाज कधी ऐकला नव्हता. काडी त्याने टाकून दिली.

"साहेब, तिचा तास माह्याइतकाच धरा."

"मग बेचाळीस होतात. अरे, तू तर तीसच मागत होतास."

"तवा मले माहीत नव्हतं."

मधुकरराव कागदाकडे बघत राहिले. तीन रुपये त्यांनीच ठरवले होते, आणि दिलेला शब्द फिरवणारा तो माणूस नव्हता. आत जाऊन बेचाळीस रुपये घेऊन आले. "घे. पण पुढच्या वर्षी मी लोखंडी कूलर घेणार, लहानू. एवढं काही परवडायचं नाही."

"घ्या ना," मनकर्णा दारात येऊन म्हणाली. "कूलरच्या जाळीले बी वाळाच लागते, साहेब."

परतताना सायकल हातात धरून दोघं चालत निघाली. सीताबर्डीचा चढ आला. मग लहानूने एकवीस रुपये वेगळे काढून तिच्यापुढे धरले. तिने ते पदराच्या टोकाला बांधले, ताटीला मारते तशीच पक्की गाठ मारून.

"आत कसं वाटलं?" त्याने विचारलं.

"गार होतं," ती म्हणाली. आणि थोडं पुढे गेल्यावर, "लोकं मंग काहून निजतात दुपारभर, थे समजलं."

"आन् सोमवार?"

"कौसल्येले सांगीन, मिरुग लागल्यावर पाहू. तवरक घड्याळ चालू ठेवजा."

सोमवारी महालात भैयाजी कापडवाल्यांनी त्याला हटकलं. त्यांच्या दुकानाच्या माडीला दोन खिडक्या होत्या.

"दोनचे किती घेशील, गा?"

"दोघाचे एकवीस, भैयाजी."

"दोघाचे? मागच्या साली पंधरा होते. आन् तू तं एकटाच दिसून राहिला."

"दुसरी घरी बांधून राहिली," लहानू म्हणाला, आणि भैयाजी काय म्हणतात त्याची वाट बघत, घाई न करता, सायकलला टेकून उभा राहिला.