डावा पीळ

आमच्या घरचा पाळणा बकरीच्या केसाच्या दोरीनंच टांगतात. लेकरू किती मुतलं तरी ती दोरी सडत नाई, एवढंच त्याचं कारण. पण आमची मंजुळा त्याच्यात शास्त्र घुसवते. सूत आजीनंच कातायचं, तेही उजव्या पिळाचं. डावा पीळ तिरडीच्या दोरीले. मी, उकंडराव, केस कातरून देतो, पिंजून देतो अन् गप बसतो. आमचा संसार असाच तं टिकला.

आता सून निघाली डावखुरी. योगिनी डाव्या हातानं कातायची चाती फिरवे, तं सूत आपसूकच उलटं वळे. पहिल्याच दिवशी मंजुळानं तिच्या हातातून चाती हिसकली. "काऊन वं, कोणाले पोचवाची घाई झाली तुले?" तवापासून योगिनीनं तिच्यासमोर चातीले हात लावला नाई. तिले माय नाई, बाप नाई, म्हणून बाळंतपणही इथंच ठरलं होतं.

पाळण्याच्या दोरीले दोन पदर लागतात. मंजुळाचा एक पदर कातून झाला अन् तिले लकवा मारला. उजवा हात लोंबला. दवाखान्यातून घरी आली तं पहिला शब्द, "दोरी राह्यली." नवऱ्याची चौकशी नाई, बाप्पा!

दीपक, आमचा पोरगा, खामगावहून नायलॉनची दोरी घेऊन आला. मंजुळानं ती डाव्या हातानं उकिरड्यावर फेकली. तेवढा हात चालत होता तिचा.

नात झाली. बारसं तोंडावर आलं, तवा योगिनीनं मले बकऱ्यांच्या कोठ्यात बोलावलं अन् पदराखालून सुताचा गुंडा काढला. "मामाजी, हा दुसरा पदर. दिवस भरत आले तवा लपून कातला. आत्याबाईले सांगू नका, वळून टाका."

मी वळाले बसलो. एक पदर आवळून गाठी मारे, दुसरा सैल पडून लोंबे. उजव्याचा अन् डाव्याचा मेळ बसते कुठं! एवढी अक्कल मले आधीच पाह्यजे होती, पण आजा झाल्याच्या खुशीत कोणाले सुचते? दोन्ही पदर सोडवून वेगळे केले. मांगं पाहतो तं मंजुळा भिंत धरून उभी.

"कोणाचं सूत हाये हे?"

"माह्यं," योगिनी म्हणाली. लेकरू छातीशी होतं. "पाळणा माहेरचा असते, आत्याबाई. मले माहेर नाई. माह्याकडून निदान एक पदर तं..."

मले वाटलं, आता पेटते. पण मंजुळा खाली टेकली, तो पदर चिमटीत धरून चोळला. "बारीक कातलं वं," म्हणाली, तेही चिडूनच. मग माह्यावर खेकसली, "पाहून काय राह्यले? केस आना, चाती आना."

डाव्या हातानं कातू लागली. सूत तुटे, ती शिव्या दे, अन् पुन्हा जोडे. योगिनी तिचं मनगट धरून फिरवणं शिकवे. डाव्या हाताचं सूत डावंच वळणार, दुसरं काय! जाडंभरडं, गाठीगाठीचं झालं, पण सुनेच्या पदरासंग नीट बसलं. मग मी दोरी वळली.

बारशाले माही बहीण सत्यभामाबाई आली. तिची नजर घारीची. पाळण्याजवळ गेली अन् वरडली, "अवं माय! डावा पीळ? तिरडीची दोरी लेकराले बांधता?"

योगिनी लेकराले पाळण्यात ठेवून राह्यली होती, तिनं झटकन परत उचललं.

मंजुळाची जीभ अजून जड होती, तरी आख्ख्या घराले ऐकू गेलं. "ठेव वं लेकराले. त्याच्यात एक पदर पोरीच्या मायचा हाये, एक माहा. तिरडीचा वेगळा काढून ठेवला." मग मले म्हणाली, "तो माहा उजवा पदर जपा. मी जाईन तवा मले त्यानं बांधा."

योगिनीनं लेकरू पाळण्यात ठेवलं अन् सासूच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मीही रडलो, खोटं कायले बोलू.

तो उजवा पदर पाळण्याजवळच्याच खुंटीले टांगला हाये. "मामाजी, काढा ना तो तिथून," योगिनी रोज म्हणते.

"राहू दे वं," मंजुळा पाळणा हलवत म्हणते. "कोणाले घाई हाये?"