फुलाच्या लग्नात मोटारीला एरंडेल

रामनगरच्या पुंडलिकानं बेळगावहून जुनी मोटार आणली, तेव्हा जर्मनीची लढाई संपून काही वर्षं झाली होती. खानापुराहून आलेलं त्याचं घराणं. मीठ, कापड, सुकी मासळी घेऊन बैलगाड्यांनी सुप्याच्या बाजाराला जाणं हा त्यांचा धंदा. मोटार आली आणि बैल गोठ्यात निवांत झाले.

पुंडलिकाचा गाडीवर भारी जीव. रोज सकाळी तो तिला धुवायचा, दिव्यांच्या काचा धोतराच्या सोग्यानं पुसायचा, पुढच्या बाजूला जास्वंदीचं फूल खोचायचा. एका गोष्टीत मात्र तो ऐकायचा नाही. बेळगावचा अर्जुन मिस्त्री, जो लढाईत बसऱ्याला पलटणीच्या मोटारी दुरुस्त करून आला होता, त्यानं गाडी देतानाच बजावलं होतं, "एंजिनातलं तेल वरचेवर बदलत जा. पाचशे मैल झाले की सगळं काढून टाक आणि नवं घाल."

"चांगलं तेल टाकून द्यायचं?" पुंडलिक हसला होता. "समईतलं तेल कोण टाकून देतं का? कमी झालं की वर घालायचं."

आणि तेच तो करत राहिला. सगळा हिवाळा मोटार धुरळ्यातनं धावली. तेल कमी झालं की तो वरून थोडं घालायचा, बूच लावायचा आणि खूश व्हायचा.

माघ महिन्यात ही मोटार कुंभारवाड्याजवळच्या ओढ्यात रुतून बसली. चाकं नुसती गरगर फिरत होती. तेवढ्यात रानातनं सुक्या पाल्याचे भारे घेऊन कुणब्यांच्या बायका आल्या. त्यांनी भारे खाली टाकले, लुगडी खोचली आणि मागनं असा रेटा दिला की मोटार उडी मारल्यासारखी काठावर आली. त्यांच्यात परशूची लेक फुला होती. चिखलानं तोंड माखलेलं, तरी सगळ्यांत मोठ्यानं तीच हसत होती.

"आम्ही काढली गाडी, म्हंजे निम्मी आमची झाली," ती म्हणाली.

"हिचं वैशाखात लगीन हाय, शेट," दुसरीनं सांगितलं. "नंदिगड्ड्याच्या लखूशी."

"मग निम्मी कशाला, त्या दिवशी अख्खी तुझी," पुंडलिक म्हणाला. "तुला मी मोटारीनं नेऊन पोचवतो."

बोलणं झालं आणि बायका भारे उचलून गेल्या. पण फुलानं ते गावभर केलं. वैशाख उजाडला तसा पुंडलिकही शब्दाला जागला. लग्नाच्या दिवशी सकाळी आंब्याची डहाळं बांधलेली मोटार परशूच्या अंगणाखाली उभी राहिली.

सगळं वऱ्हाड काही मोटारीत मावणार नव्हतं. ते घुमटं आणि झांजा घेऊन पायवाटेनं पुढं निघालं. मोटारीत नवरी फुला, तिचा बाप परशू आणि गिरजाक्का. गिरजाक्का म्हणजे त्या मुलखाची सुईण. आसपासच्या वाड्यांतलं जवळजवळ प्रत्येक माणूस तिच्याच हातावर जन्मलेलं, त्यामुळं तिला कुणाचा मुलाहिजा नव्हता. पुढची जागा तिनं न विचारताच घेतली.

"हळू हाक हां, शेट," ती म्हणाली. "आणि लई हळू पण नको."

गाडी सुटली. फुलानं दोन्ही हातांनी बाशिंग धरलं होतं. झाडं मागं पळताना बघून ती आधी घाबरली, मग किंचाळली, मग हसायला लागली ते थांबेचना. परशू डोळे मिटून रामाचं नाव घेत होता.

अर्धी वाट सरली आणि चढ लागला. एंजिनातनं आधी बारीक खडखड ऐकू आली. मग ती वाढली. लोखंडाच्या डब्यात कुणी गोटे घालून हलवावेत तसा आवाज. झाकणाकडनं करपल्याचा वास आला. पुंडलिकानं घाबरून गाडी बंद केली. चढावर सगळं एकदम शांत झालं.

तो खाली उतरला. एंजिनाच्या कुशीला दोन लहान तोट्या होत्या. वरच्या तोटीतनं तेल आलं तर चिंता नाही. खालच्या तोटीतनंही आलं नाही तर गाडी हलवायची नाही. त्यानं वरची उघडली, कोरडी. खालची उघडली, तर डांबरासारखा एक थेंब लोंबला आणि तिथंच राहिला. त्यानं तो बोटांत चोळला. बारीक वाळू चोळल्यासारखी कच लागली.

 डब्यातलं उरलंसुरलं तेल तर पुंडलिकानं काल रात्रीच आत घातलं होतं.

"काय झालं?" परशूनं विचारलं.

"तेल संपलंय, मामा. राहिलंय ते पण नासलंय. चूक माझीच. असंच हाकलं तर एंजिन फुटंल."

"गोरजाचा मुहूर्त हाय," परशू हळूच म्हणाला. "आता चालत निघालो तर..." त्यानं फुलाच्या नव्या लुगड्याकडं बघितलं आणि वाक्य सोडून दिलं.

फुला म्हणाली, "चालीन की मी! रोज चालतेच." पण तिचा चेहरा पडला होता, आणि ते पुंडलिकाला त्या खडखडाटापेक्षा जास्त लागलं.

तो दगडावर बसला. बसल्या बसल्या त्याला अर्जुन मिस्त्रीच्या गप्पा आठवल्या. तो लढाईच्या गोष्टी सांगायला लागला की थांबायचा नाही. एकदा म्हणाला होता, वर आभाळात उडणाऱ्या विमानांच्या एंजिनात एरंडेल घालायचे, खाली उभ्या राहणाऱ्या माणसांना वास यायचा. मोटारीलाही चालतं ते, फक्त आधीच्या तेलात मिसळायचं नाही, सगळं काढून टाकायचं.

पुंडलिक ताडकन उठला. "गिरजाक्का, एरंडेल मिळंल?"

गिरजाक्कानं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "पोट दुखतंय तुझं?"

"माझं न्हाई, मोटारीचं! लहान कळशीभर पायजे."

म्हातारी आधी हसली, मग तिला कळलं की हा खरंच सांगतोय. "व्हय? मग हितं बसून काय करतोस? ह्या टेकाडापलीकडं वाडी हाय. एकूण एक घरात माझ्या सांगण्यावरनं काढलेलं एरंडेल हाय."

ती पदर खोचून निघाली. मागोमाग परशू. पुंडलिकानं गाडीखाली फरशीसारखा सपाट दगड सरकवला, त्यावर परशूनं लेकीला द्यायला घेतलेली परात ठेवली आणि पान्यानं तळाचं बूच सैल केलं. जे बाहेर आलं ते बघून फुलानं नाक दाबलं. काळंकुट्ट, दाट, मध्येच चमचमणारं.

"हे घेऊन चालत होती बिचारी?" ती म्हणाली.

"व्हय," पुंडलिक म्हणाला. त्याला गाडीकडं बघवेना.

दिव्याच्या डब्यात रॉकेल होतं. ते आत ओतून, हँडल हातानं फिरवून त्यानं एंजिनाचं पोट खळखळून धुतलं आणि तेही पूर्ण निथळू दिलं. तोवर टेकाडावरनं गलका ऐकू आला. गिरजाक्का पुढं आणि मागं अख्खी वाडी. कुणाच्या हातात तांब्या, कुणाच्या हातात वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा, कुणाकडं नुसती नारळाची करवंटी, तीही दोन्ही हातांनी जपून धरलेली.

"कुठं हाय पोटदुखीवाला?" एक म्हातारा विचारत होता.

"ही काय, काळी मोठी," गिरजाक्का म्हणाली. "अडलीय बघ वाटंत. सुटका करूया."

फडक्यातनं गाळून गाळून एरंडेल आत जाऊ लागलं. आपापलं तेल ओतताना प्रत्येकजण गाडीला हात लावून घेत होता. एवढ्यात खालच्या वळणावरनं घुमटं वाजत आली. पायवाटेनं निघालेलं वऱ्हाड रस्त्याला येऊन मिळालं, आणि आपल्या आधी पोचणार म्हणून हात हलवून गेलेली मोटार इथं गर्दीत उभी बघून त्यांना हसू आवरेना.

"काय गे फुला, मोटारीचं बारसं चाललंय का?"

"जुलाब दिलाय!" फुला मोटारीतनंच ओरडली. मग तर बायका एकमेकींच्या खांद्यावर कोसळल्या. कुणीतरी घुमटावर थाप दिली आणि त्या चढावरच फेर धरला गेला.

पुंडलिकानं वरची तोटी उघडली. पिवळीधमक धार आली. त्यानं तोटी बंद केली, हात जोडले, आणि हँडल मारलं. एकदा. दुसऱ्यांदा. मग एंजिन धडधडलं, आणि मागनं निळा-पांढरा धूर असा निघाला की सगळ्या रानात एरंडेलाचा वास पसरला. खडखड मात्र अगदी बारीक झाली, मग गेलीच. पुंडलिक कान लावून ऐकत राहिला. मांजर घुरघुरावं तसं एंजिन घुरघुरत होतं.

"सुटली!" गिरजाक्का ओरडली आणि पुन्हा पुढच्या जागेवर जाऊन बसली.

मोटार सावकाश निघाली. मागं वऱ्हाड, त्याच्या मागं अख्खी वाडी, कारण आपल्या तेलावर चाललेली गाडी कुठवर जाते हे त्यांना बघायचं होतं. नंदिगड्ड्याला लखूच्या माणसांना मोटार दिसायच्या आधी तिचा वास आला. नवऱ्यामुलानं नाक वर करून विचारलं, "कोण आजारी पडलं काय?" फुला खाली उतरली ती हसतच, आणि गोरजाला तिच्या गळ्यात माळ पडली तेव्हाही तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. वाडीची माणसं न बोलावता आली होती, तरी त्यांना पहिल्या पंगतीला बसवलं. भात, आमटी, गुळाची खीर. पुंडलिकाच्या काळ्या हातांकडं बघून लखूच्या आईनं त्याला पानावर स्वतः वाढलं.

दोन दिवसांनी तो बेळगावला गेला. अर्जुन मिस्त्रीनं गाडीजवळ येऊन वास घेतला आणि पोट धरून हसला.

"एरंडेल? अरे, कुणी शिकवलं?"

"तूच," पुंडलिक म्हणाला. "आता ते काढ आणि नीट तेल घाल. आणि किती दिवसांनी बदलायचं, ते पुन्हा सांग. ऐकतो."

"पाचशे मैल."

"मैल मोजायचं यंत्र आणली त्या दिवसापासनं बंद हाय. आमच्या रानात मैलाचे दगड पण वाळवीनं वारुळात घेतलेत."

मिस्त्रीनं डोकं खाजवलं. "मग अमावस्येला बदल. धुरळ्याच्या दिवसांत एक अमावस्या चुकवायची न्हाई."

तसंच ठरलं. पुढच्या अमावस्येला रामनगरात दुकानासमोर पुंडलिक गाडीखाली आडवा झाला, आणि त्याच्या बायकोनं, कमलनं, बैलगाड्यांच्या आसांसाठी ते जुनं तेल हवंय म्हणून आलेल्या गाडीवानांची रांग बघून चहाचं आधण ठेवलं. हळूहळू तो दिवसच तसा झाला. बांबूच्या नळ्या घेऊन लांबलांबनं माणसं यायची, ओसरीवर गप्पा रंगायच्या, आणि गाडीखालनं पुंडलिकाचं गाणं ऐकू यायचं. गळा त्याचा बेताचा होता. पण बूच निघून तेलाची धार परातीत पडायला लागली, की तो हमखास वरचा सूर लावायचा.