माझ्या अंगावरचा आकडा

मी एक जाड टायरांची सायकल बोलतेय. जरा घाईत बोलतेय, कारण मला उभं राहणं जमत नाही. स्टँडवर असले तरी माझं सगळं लक्ष दाराकडे असतं. तेव्हा दार उघडलं की मी निघणार, आधीच सांगून ठेवते.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. धड जन्मलेही नव्हते तोच माझं हँडल आडवं करून, पुढचं चाक काढून, मला पुठ्ठ्याच्या खोक्यात कोंबलं होतं. तिथे किती दिवस काढले, देव जाणे. कुणी उचलत होतं, कुणी आपटत होतं. मी हलत होते, पण चालत नव्हते. सायकलीला याहून मोठी शिक्षा नाही.

खोकं उघडलं ते एका लहान घराच्या दाराशी. भिंतीवर कोट, खाली ओले बूट, दाराच्या फटीतून बोचरा वारा. माझ्यावर दोन चेहरे वाकले होते. एक सिस्टर. घरोघर जाऊन आजाऱ्यांच्या मलमपट्ट्या करणारी, पंचेचाळिशीची, उभ्या उभ्या चहा पिणारी बाई. ती मला पाहताक्षणी आवडली, कारण तिलाही बसवत नव्हतं. दुसरे तिचे वडील. त्यांनी चाळीस वर्षं ट्रकचे टायर काढले, जोडले आणि फुगवले. सगळे त्यांना वस्ताद म्हणत, म्हणून मीही म्हणते.

टेकडीवरच्या वस्तीची बस त्या हिवाळ्यात बंद झाली होती. वरची चार घरं सिस्टरकडे होती. त्यातल्या शिंपीणबाईंच्या पायाला मोठी जखम होती आणि दिवसाआड पट्टी बदलावी लागे. बर्फातून चालत जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस जाई. सिस्टरच्या ऑफिसनं बजावलं होतं, पंधरा दिवसांत काहीतरी सोय करा, नाहीतर चौघांनाही खाली रुग्णालयात हलवू. ऐंशीच्या शिंपीणबाईंनी निरोप धाडला होता, "मला न्यायचं तर शिलाई मशीनसकट न्या. आणि मशीन काही दारातून निघत नाही." सिस्टर हसली होती, पण तिला धास्ती होती. एकदा खाली नेलं की या बाई पुन्हा घर बघणार नाहीत, असं तिला वाटत होतं.

म्हणून मला आणलं. पंधरा दिवसांत पसंत पडले नाही तर परत पाठवायची सवलत होती. म्हणजे वरच्या घरांना पंधरा दिवस आणि मलाही पंधराच.

"पुस्तिका आलीय बरोबर," सिस्टर म्हणाली.

"पुस्तिका वाचून परीक्षा पास होतात, चाकं बसत नाहीत," वस्ताद म्हणाले आणि पाना घेऊन बसले.

हात मात्र सोन्याचा. सिस्टर डावं पेडल फिरवून दमली, ते काही बसेना. वस्ताद बघत होते, मग म्हणाले, "अगं, डावीकडचं उलटं फिरतं. जुन्या ट्रकच्या डाव्या चाकाचे नटही उलटेच असायचे." दोन फेऱ्यांत पेडल बसलं. मला वाटलं, चला, आपण चांगल्या हातात पडलो. आता लवकर बाहेर काढा.

मग हवेची वेळ आली. माझ्या टायरच्या कडेला बारीक उठावाच्या अक्षरांत लिहिलंय, पाच ते वीस पौंड. काळ्यावर काळं. वस्तादांनी टायर डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, खिडकीकडे फिरवला. "हं, बरोबर," म्हणाले आणि पंप मारायला लागले. त्यांचा हवा मोजायचा गेज ट्रकचा, शंभर पौंडांच्या पुढच्या हवेचा. माझ्या हवेनं त्याचा काटा जेमतेम थरथरला. शेवटी त्यांनी टायरवर अंगठा दाबला आणि तो जराही आत जाईना तेव्हाच थांबले.

"दगडासारखा लागला पाहिजे. चाळीस वर्षं हा अंगठा चुकला नाही."

हवा तीस पौंडांच्या वर गेली होती. माझं अंग तडतडत होतं. आकडा माझ्याच अंगावर लिहिलेला, आणि मला तोंड नाही! इतकी तगमग मला खोक्यातही झाली नव्हती.

बाहेर पडले खरी, पण टणक टायर बर्फावर पसरेनात. मी नुसती उड्या मारत होते आणि घसरत होते. चढावर सिस्टर मला ढकलतच नेई. घरी आल्यावर वस्ताद विचारत, "कशी चालते?" ती म्हणे, "होईल सवय." ते अंगठा लावत आणि आणखी चार पंप मारत. "थंडीनं हवा उतरते गं."

बाराव्या दिवशी वळणावर मी पाय घसरल्यासारखी निसटले. सिस्टर खाली, मी तिच्या अंगावर. तिचं मनगट सुजलं. त्या दिवशी शिंपीणबाईंची पट्टी राहून गेली.

वस्तादांनी मनगट पाहिलं आणि माळ्यावरून खोकं काढलं. ते खोकं पाहून माझा जीवच गेला.

"ही परत गेली तर वरची घरंही गेली, बाबा."

"जाऊ देत. तुझी हाडं मोडायला मी सायकल नाही जोडून दिली."

त्यांनी माझं चाक काढलं. मांडीवर घेतलं आणि टायरच्या कडेवरून बोट फिरवलं. एकदा, पुन्हा एकदा, सावकाश. उठावाची अक्षरं बोटाला लागत होती, पण कळत नव्हती. मी मनातल्या मनात ओरडत होते, विचारा, कुणाला तरी विचारा!

ते खोक्यावर बसले. "इथे काय लिहिलंय, वाच."

"तुम्ही वाचलं होतंत ना?"

"वाच म्हणतो ना."

तिनं बॅटरी धरली. "पाच ते वीस पौंड."

तिनं बॅटरी खाली ठेवली.

"कधीपासून दिसत नाही, बाबा?"

"गेल्या हिवाळ्यापासून. मोठं दिसतं. बारीक नाही दिसत."

"पेपर तर रोज वाचता."

"धरतो."

सिस्टर त्यांच्या शेजारी बसली. पहिल्यांदाच तिला नीट बसलेली पाहिली मी. "मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर वरची घरं सोडून माझ्यापाशी बसली असतीस. मी ओळखतो तुला. आणि न सांगून काय केलं, तर तुला पाडलं." मग त्यांनी नाक पुसलं. "आता नीट ऐक. माझ्यासाठी घरी बसलीस, तर तुलाच या खोक्यात घालून परत पाठवीन."

"कुठे?"

"ते बघ पुस्तिकेत."

ती हसली आणि हसता हसता रडली. मलाही भरून आलं, पण त्याहून जास्त घाई झाली होती. चाक बसवा ना आधी!

त्यांनी चाक बसवलं आणि दोन्ही टायरांची हवा सोडली. काय सुख ते! वस्तादांनी अंगठा दाबला आणि दचकले. "अगं, हा तर पंक्चर झालाय!" सिस्टरनं अंगणातल्या बर्फात दहा पावलं मला चालवलं. अजून सोडली, पुन्हा चालवलं. सहा पौंडांवर मी बर्फावर पसरून बसले आणि सरळ चालले. वस्तादांनी डोळे मिटले, त्या मऊ टायरवर अंगठा ठेवला आणि कितीतरी वेळ उचलला नाही. चाळीस वर्षांचा अंगठा नवा धडा शिकत होता.

तेराव्या दिवशी एका हातानं सावरत सिस्टर टेकडी चढली. शिंपीणबाई दारातच होत्या. "उशीर केलास," एवढंच म्हणाल्या आणि पाय पुढे केला.

त्याला आता तीन हिवाळे झाले. खोक्याचे तुकडे ओल्या बुटांखाली अंथरलेत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं औषधानं टिकवू. थोडं टिकलं, थोडं गेलं. पण रोज सकाळी माझी हवा वस्तादच बघतात. "आज बर्फ कसा आहे?" विचारतात आणि अंगठा लावतात.

आज सकाळी सिस्टरच्या खिशातून काहीतरी पडलं. वस्तादांनी चाचपून उचललं. लहानसा नवा गेज.

"म्हणजे माझ्यामागे तू तपासतेस?"

"सवय लागलीय, बाबा."

"मग? किती वेळा चुकलो?"

"एकदाही नाही."

वस्तादांची मान ताठ झाली. "मग कशाला हे ओझं बाळगतेस?" म्हणत त्यांनी गेज खुंटीवर टांगला. तिनं तो तिथेच राहू दिला. आज आम्ही नुसत्या अंगठ्याच्या भरवशावर निघतोय.

खरं सांगू? वस्ताद दोनदा चुकले होते. दोन्ही वेळा वळणापलीकडे थांबून, हातमोजा काढून, तिनं नखानं माझी जादाची हवा सोडली होती. हे फक्त तिला आणि मला ठाऊक आहे. मला तोंड नाही म्हणून मी केवढी तळमळले होते! आता वाटतं, नाही तेच बरं.

तुम्हाला बोलून गेले खरी. तेवढं वस्तादांच्या कानावर जाऊ देऊ नका. दार उघडलं बघा. निघते.