अडकित्त्यातली गोळी

“धरा गुर्जी, मोठा तुकडा तुमचा,” म्हणत मी अडकित्त्यात गोळी कट्‌कन मोडली.

“रामराव, डाक्टरीणबाईला कळलं तर?”

“सांगू, उंदरानं खाल्ली.”

राजानंद गुरुजी वाटूरच्या स्टँडवर खदखदून हसले. आमची ओळख तिथलीच. दोघांच्याही डाव्या टाचेला कातडीचा तोच काळा कॅन्सर. माझा डाग कसा पडला, तेही त्यांना सांगून झालं होतं : आष्टीच्या शिवारात वीज पडली, गवत पेटू नये म्हणून मी ती टाचेनं विझवली.

दर तीन आठवड्यांनी शहरातल्या दवाखान्यात दोघांनाही इंजेक्शन मिळे. अंगातलीच फौज जागी करून आजारावर सोडणारं. जोडीला रोज एक नवी गोळी देऊन काय होतं, याचा डॉक्टरांचा अभ्यास चालला होता. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसती पोकळ गोळी. कुणाला कोणती, ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. मला त्यात घेतलं. गुरुजींचं लिव्हर नाजूक निघालं, त्यांना वगळलं. परतताना ते बसच्या खिडकीकडे तोंड करून बसले, ते मला बघवेना. पुढच्या फेरीपासून अर्ध्या तुकड्यांची पुडी मी त्यांच्या खिशात घालू लागलो.

चार महिन्यांनी गुरुजी पिवळे पडले आणि गेले.

मग भर दुपारी माझ्या अंगणात गुरुजींसारखं लंगडं पाऊल वाजू लागलं. बघावं तर कोणी नाही. ही थाप नव्हे.

शेवटी डॉक्टरीणबाईंपुढे सगळं ओकलो. त्यांनी मला अभ्यासातून काढलं, वरून परवानगी आणून माझ्या नंबराला कोणती गोळी होती ते उघडून पाहिलं.

“गोळी खरी होती. त्यांच्या लिव्हरला सोसणारी नव्हती. पण आजारही लिव्हरपर्यंत पोचला होता. कशानं गेले, आता सांगता यायचं नाही.”

तेवढं सांगायला वाटूरला गेलो. गुरुजींच्या मंडळी, गिरिजाबाई, ओट्यावर तूर निवडत होत्या.

“वहिनी, गुर्जी माझी अर्धी गोळी खात होते.”

“ठाऊक हाय मला. खरी निघाली का वो ती?”

“खरी. पन...”

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. “शेवटपर्यंत एकच घोर होता त्यांना, खरी असंल का खोटी. दवाखान्यानं न्हाई म्हनलं, तुम्ही दिलं, भाऊ. बसा, चहा टाकते.”

लिव्हरचं सांगायचं राहिलं.

निघताना त्यांनी आतून गुरुजींच्या चपला आणल्या. जखमेला लागू नये म्हणून डावीची टाच कापून काढलेली.

“तुमचा बी तोच पाय. घालून बघा.”

घातल्या. बराबर बसल्या.