आतल्या बाजूची किल्ली

मिक्सर गेला तेव्हा ललिता गप्प बसली. टीव्ही गेला तेव्हाही तिनं गिळलं. पण त्या दिवशी ड्यूटीवरून येऊन बघते तर शिलाई मशीन पार दारापर्यंत ओढत आणलेलं! जड पडलं म्हणून नवऱ्यानं सोडलं असणार. ती तिथंच मशीनवर हात टाकून मटकन बसली.

मशीन गेलं की सगळंच गेलं. दिवसभर प्रसूतीगृहात आयाचं काम, संध्याकाळी ब्लाऊज आणि फॉल-पिको, त्यावर पोरीचं, शिवानीचं, कॉलेज चाललेलं. नवरा दादासो फौंड्री बंद पडल्यापासून पत्त्याच्या क्लबात लोळायचा. वर्ष झालं घर सोडून गेला. जाताना आईला सोडली, पोरीला सोडली, किल्ली तेवढी सोडली नाही. हुशारच म्हणायचा की! ललिता कामावर आणि त्याची आई, आक्का, वरच्या मजल्यावर तानाबाईकडं मालिका बघायला गेली की हा हजर. चौकीत सांगून बघितलं, तर जमादार म्हणाला, "नवराच हाय न्हवं तुमचा? सोताच्या घरात कोण चोरी करतंय व्हय?" आता बोला!

लक्ष्मीपुरीत बाळासोचं हार्डवेअरचं दुकान होतं. तिथं ती गेली.

"अख्खं लॉक कशाला बदलताय वैनी?" बाळासो म्हणाला. "किल्ली घालतो तेवढाच पितळी तुकडा बदलायचा. सिलिंडर म्हनत्यात त्याला. दाराच्या कडंला, कडीच्या जिभंखाली एक लांब स्क्रू हाय बघा. त्यो काढा, किल्ली जराशी फिरवा, निघतोय बाहेर. घिऊन या, मापाचा देतो."

तिनं तो काढून नेला. तेवढा वेळ आक्का उघड्या दारात पाट टाकून राखणीला बसली होती. आपल्याच पोरापासून घर राखायचं! म्हातारीच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

बाळासोनं जुना सिलिंडर पट्टीवर मोजला. "बाहेरच्या प्लेटीतनं फुडं आलेला नको. आला की पकडीत धरत्यात नि कडाकड मोडत्यात. ह्यो घ्या. हेच्या किल्लीला दाते न्हाईत, खड्डे हाईत. रस्त्यावरच्या किल्लीवाल्याला जमायची न्हाय. आतनं काय देऊ? फिरवायची मूठ, का दोनी बाजूला किल्ली?"

"दोनीकडं किल्ली कशाला?"

"बाहेरनं लावून गेलासा की आतल्यालाबी किल्लीबिगर उघडत न्हाय. पर घरात म्हातारं मानूस असलं तर मूठच बरी. गॅस म्हना, आग म्हना, अडकून पडंल बिचारं."

ललितानं मूठवालाच घेतला. सासूला कोंडून घालायची म्हणजे काय? असला विचारसुद्धा नको. घरी येऊन तिनं तो खाचेत सरकवला, स्क्रू आवळला, दार उघडंच ठेवून किल्ली फिरवून बघितली, मग मिटून बघितली. आत-बाहेर, आत-बाहेर, लोण्यासारखी फिरत होती. त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी गाढ झोपली.

आठवडा नीट गेला. आणि एका संध्याकाळी आत येऊन बटण दाबते तर पंखा लागेना. वर बघितलं, तर छताला नुसता हूक.

"आक्का, पंखा कुठाय?"

आक्का भिंतीला टेकून बसली होती. "दादू आलता," ती म्हणाली. "किल्ली लागंना म्हनून दार वाजवाय लागला. आये, आये, उघड की, म्हनला. मी उघडलं."

"आन् पंखा?"

"आवाज करतोय, दुरुस्तीला न्हेतो, म्हनला." आक्काची मान खाली गेली. "स्टूल हालत हुतं. पडंल म्हनून मी धरून हुबी ऱ्हायले."

काय बोलायचं माणसानं? ललिताच्या तोंडात शिवी आली आणि तिथंच विरली. म्हातारीनं चोराचं स्टूल धरलं, खरं. पण त्या स्टुलावर तिच्या पोटचा गोळा उभा होता. कुणावर ओरडायचं, कुणाला मारायचं? ती तशीच वरच्या हुकाकडं बघत उभी राहिली.

"उद्या रिक्षा घिऊन येतो म्हनलाय," आक्का पुटपुटली. "मशीनीसाठी."

"मग उद्या उघडू नकासा."

"ऱ्हावत न्हाय गं! आये म्हनला की हात आपसूक जातोय." आणि मग म्हातारीनं मान वर केली. "ललिता, त्यो दुकानदार दुसरा देत हुता म्हनलीस न्हवं? आतनं किल्लीचा? त्यो घाल."

"आक्का, काय बोलताय! तुमास्नी आत कोंडून जाऊ मी?"

"कोंड. मी सांगतीया की. शिवानीचं कॉलेज बुडतंय माझ्या हातानं. ह्या हाताचा भरवसा न्हाय मला."

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मग ललिता दुकान बंद व्हायच्या आत गेली आणि सिलिंडर बदलून आणला. बाळासोनं कारण विचारलं नाही. एक किल्ली तिनं तानाबाईला दिली. कुठं काही जळलं-बिळलं तर धावून यायला. "माझ्याकडनं किल्ली काढून न्हिऊ दे की दादूला, मग बघती त्याच्याकडं!" तानाबाई म्हणाली, आणि ती तशी खमकी होतीही.

सकाळी ललितानं बाहेरून किल्ली फिरवली. आत आक्का म्हणाली, "लागलं. जा आता." दिवसभर बाळंतिणींचं करताना तिचं कशात लक्ष नव्हतं. ढोराला दावणीला बांधतात, आपण माणसाला बांधून आलो. पण मशीन? पण म्हातारी? जीव दोन्हीकडून ओढला जात होता आणि करण्यासारखं काहीच नव्हतं.

संध्याकाळी घराशी आली तेव्हा दार जसंच्या तसं बंद होतं. सिलिंडरवर ओरखडे होते, कुणीतरी काहीबाही घालून बघितलेलं. किल्ली मात्र सहज फिरली. आत मशीन जागच्या जागी. ललिताचा जीव भांड्यात पडला.

आक्का खिडकीशी बसली होती, दाराशेजारच्या गजांच्या खिडकीशी. तिनं पदर डोक्यावरून ओढून कानांवर घट्ट धरला होता.

"आलता?"

"आलता. बाहेर पायरीवर बसून रडला. लई रडला. किल्ली न्हाय रं बाळा माझ्याकडं, म्हनलं, आईची आन."

ललितानं जवळ बसून तिचा पदर अलगद मागं केला. कानांत सोन्याची फुलं नव्हती. लग्नात घातलेली, कधी न काढलेली, शिवानीच्या नावानं ठेवलेली ती फुलं. एका कानाची पाळी ओढून लाल झाली होती, थोडं रक्त सुकलं होतं.

"गजातनं दिली," आक्का म्हणाली आणि तिनं सुनेचा हात धरला. "पर दार न्हाय उघडलं हं मी. बघ, दार न्हाय उघडलं."

"न्हाय उघडलासा, आक्का," ललिता म्हणाली, आणि हळद आणायला उठली.